गप्प फोन

टेलिफोनच्या तांब्याच्या तारा दसऱ्यापर्यंत काढून नेणार, अशी नोटीस आषाढात आली. आता आमच्या हॉटेलच्या फोनचं काय करायचं, हा प्रश्न मी एकादशीला देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शमीमआपांपुढे. देवानं काही सांगितलं नाही. आपा म्हणाल्या, "मग काय वहिनी, यंदा दसऱ्याला मीपण सीमोल्लंघन करते की."

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याला आमचं हॉटेल औदुंबर. बत्तीस खोल्या. इथं हौसेनं कुणी उतरत नाही. समोरच्या एखाद्या इमारतीत आपलं माणूस ठेवलेलं असतं, त्याला डबा पोचवायला आणि रात्री पाठ टेकायला लोक आमच्याकडे येतात. हे गेल्यापासून सात वर्षं मी आणि माझी मुलगी सानिका हॉटेल बघतो. आपा आमच्याही आधीच्या. एकतीस वर्षं काउंटरमागं त्यांची खुर्ची, कानाला हेडफोन आणि समोर फोन जोडायची बत्तीस दिव्यांची पाटी.

आपा सतारमेकर गल्लीतल्या. त्यांचे वडील तंबोऱ्याची जवारी काढायचे. तारेखाली घोडीवर सुताचा दोरा इतका नेमका सरकवायचा की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. वडील दोरा सरकवणार आणि लहानग्या शमीमनं डोळे मिटून "आली" किंवा "गेली" एवढंच सांगायचं. तो कान घेऊन त्या आमच्या फोनवर येऊन बसल्या होत्या.

एकदा पाटीवर चौदा नंबरच्या खोलीचा दिवा लागला. जतहून आलेले एक गृहस्थ होते, बायको समोर अतिदक्षता विभागात. आपा म्हणाल्या, "बोला, ऐकतेय मी." पलीकडून काहीच नाही. आपांनी फोन ठेवला नाही. बाकीचे फोन दुसऱ्या कानानं घेतले, पण ती लाइन तशीच धरून ठेवली. चाळीस मिनिटं. मग हळूच म्हणाल्या, "चहा पाठवू?" पलीकडचा माणूस तेव्हा कुठं मोठ्यानं रडला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाल्या, "गप्प बसण्यातपण जवारी असते की, वहिनी. आली का गेली कळतं."

माझाही एक नेम आहे, सासूबाईंकडून आलेला. पहाटे उठल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. मोबाईलही तोवर बंद. पण हॉटेलाला काही मौन नसतं. दूधवाला आला नाही, बंब तापला नाही, रोज काही ना काही. म्हणून आपांनी एक युक्ती काढली. त्या खालून माझ्या खोलीत फोन करायच्या आणि मी रिसीव्हरवर नखानं टिचकी मारायची. एक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे या.

"तारखातं बंद पडलं म्हणतात," आपा सगळ्यांना सांगायच्या, "इथं बघा, मी आणि वहिनीनं चालू ठेवलंय."

सानिकानं तीन पर्याय आणले. पहिला, जुनीच पाटी नव्या तारांवर चालवायची. पण तिचे सुटे भाग मिळायचे बंद झालेले. दुसरा, फोनच नको, पाहुण्यांनी आपापल्या मोबाईलवर काय ते लिहून कळवायचं. मी म्हटलं, "अगं, तासगावची म्हातारी नातवाच्या काळजीत काय लिहीत बसणार?" तिसरा पर्याय म्हणजे कानोसा, आपणहून फोन घेणारं यंत्र.

कानोसा घेऊन तन्मय कुपवाडे आला. पंचविशीचा इंजिनिअर, बोलायला नम्र. त्यानं मला समजेल असं सांगितलं. आपण बोलतो तेव्हा गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला शे-दोनशे वेळा थरथरतात. प्रत्येक थरथर आधीच्यापेक्षा केसभर वेगळी असते. झोप झाली नसेल, छातीत पाणी साठलं असेल, मेंदूकडचा रक्तपुरवठा अडत असेल, तर तो केसभर फरक बदलतो. आपल्या कानाला कळायच्या कितीतरी आधी. कानोसा बोलण्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करतो आणि आजवर ऐकलेल्या कोट्यवधी आवाजांशी ताडून बघतो. एका वाक्यात माणूस ओळखतो, त्याचं दुखणंही ओळखतो आणि त्याला पेलेल असं उत्तर देतो.

"आणि आवाजाबरोबर पंखा, रस्ता, भांडी असतात, त्यांचं काय?" सानिकानं विचारलं.

"पहिल्याच पायरीला गाळणी आहे. माणसाचं बोलणं तेवढं आत जातं, बाकी सगळा कचरा बाहेर."

आपा हेडफोन लावून पाच मिनिटं कानोशाशी बोलल्या. डोळे मिटलेले. मग हेडफोन काढून म्हणाल्या, "सूर बरोबर हाय. जवारी नाही."

"ती तुम्ही शिकवायची, मावशी," तन्मय म्हणाला. "चाळीस दिवस तो तुमच्याशेजारी बसून ऐकणार. तुम्ही बोलता तसं बोलायला शिकणार."

"म्हणजे आपल्याच हातानं आपल्या जागेवर बसवायचं? बरं हाय की. सून आणताना सगळ्या बायका तेच करतात."

सगळे हसले. मीही हसले. आपांना पासष्टावं लागलं होतं, गुडघे गेले होते, आणि त्या स्वतःच म्हणाल्या की शिकवते. हे मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं.

श्रावणात शिकवणी सुरू झाली. काउंटरवर पानाच्या डब्याएवढी एक पेटी, म्हणजे कानोसा, आणि शेजारी रोज तन्मय. दिवसभर ती ऐकायची आणि दुपारी आपांना शंका विचारायची. आपा तिला पोरगी म्हणायच्या. पोरगी भराभर शिकली. "बोला, ऐकतेय मी," हे आपांचं वाक्य तिनं पहिल्याच आठवड्यात उचललं, शेवटच्या 'मी'वरच्या हेलकाव्यासकट. आपल्या आजीच्या लुगड्याची घडी नातीनं तशीच घालावी, तसं वाटलं ते ऐकून.

एका दुपारी मी शेजारी वाती वळत बसले होते. पेटीनं विचारलं, "अकरा नंबरच्या फोनवर तुम्ही बेचाळीस सेकंद काही बोलला नाहीत. कारण सांगाल?"

"तो रडत होता," आपा म्हणाल्या.

"रडण्याचा आवाज नोंदला गेलेला नाही."

"आवाज नव्हताच. असता तर मी बोलले असते."

पेटी म्हणाली, "हा भाग शिकण्यासाठी वापरता येणार नाही."

आपा माझ्याकडे वळल्या. एरवी त्या माझ्याशी थट्टेनंच बोलायच्या, त्या दिवशी थट्टा नव्हती. "वहिनी, एक सांगते. पोरगी गुणी हाय. पण गप्प फोन तिला तोडू देऊ नका. माझ्याकडं द्या, नाहीतर तुमच्याकडं घ्या."

"बरं," मी म्हटलं. नैवेद्य होऊन गेलेला होता. तोंडानं म्हटलं.

घटस्थापनेच्या सकाळी तन्मय सात वाजताच आला. त्याला पुढे कोल्हापूर गाठायचं होतं आणि त्याआधी कानोसा सुरू करून द्यायचा होता. तेवीस प्रश्न होते, मालकिणीनं हो-नाही सांगायचं. मी नुकता घट बसवला होता, गॅसवर खिरीचं दूध होतं, आणि मौन होतं. सानिका म्हणाली, "आई, मी वाचते, तू टिचकी मार."

मी ओट्यावर टिचक्या मारत गेले. पाहुण्याचं दुखणं लक्षात आलं तर आम्हाला कळवायचं का? एक. घरच्यांनाही परस्पर कळवायचं का? दोन. असं करत एकोणिसावा प्रश्न आला. फोन लागल्यावर पलीकडून कुणी बोललं नाही, तर सहा सेकंदांनी तोडायचा का?

तन्मयनं समजावून सांगितलं. "आवाजचोर आहेत ना हल्ली, काकू. यंत्रानं फोन लावतात आणि गप्प बसतात. तुम्ही हॅलो हॅलो करता, तेवढ्यात तुमचा आवाज उचलतात आणि तुमच्या नातेवाइकांना फसवतात. नंबरही खोटा दाखवतात, म्हणून कानोसा नंबर बघतच नाही. आवाज हीच ओळख. सगळीकडे सहाच सेकंद ठेवतात."

ते खरंच होतं. असल्या फोनांनी वर्षभर जीव नको केला होता. पण मला विचारायचं होतं की एखादा गप्प फोन आपांकडे नाही का देता येणार? हे टिचकीत मावणारं नव्हतं. त्यासाठी बोलावं लागलं असतं, नाहीतर खीर होईस्तोवर त्या मुलाला थांबवावं लागलं असतं. दूध वर येत होतं. सानिका माझ्याकडे बघत होती.

मी एक टिचकी मारली.

संध्याकाळी सांगू, बदलून घेऊ, असं मनात म्हटलं. संध्याकाळी आरतीला शेजारणी आल्या. दुसरी माळ झाली, तिसरी झाली. विसरले असं मी म्हणणार नाही. ते त्रासाचे फोन एकदम थांबले होते आणि मला बरं वाटत होतं.

आपांना मी येत राहा म्हटलं. त्या दिवाळीपर्यंत येऊन खुर्चीत बसायच्या, पेटीचं बोलणं ऐकायच्या, मधूनच "शाब्बास" म्हणायच्या. एकदा नऊ नंबरमधल्या विट्याच्या गृहस्थांनी गरम पाणी मागितलं. पेटीनं पाणी पाठवलंच, आणि सानिकाला सांगितलं की यांचा श्वास प्रत्येक चौथ्या शब्दाला तुटतोय, समोर घेऊन जा. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर हाती लागले नसते. हे खरंखुरं घडलं. कानोशानं एक माणूस वाचवला, आणि मी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

ते ऐकून आपा म्हणाल्या, "मला नसतं हो कळलं. हुशार पोरगी हाय तुमची."

भाऊबीजेनंतर त्या यायच्या बंद झाल्या. मी घरी गेले तर दारात मेथी निवडत बसलेल्या. "का येत नाही?" म्हटलं. "बसून काय करू, वहिनी? काम नसलं की कान वाजायला लागतात." मग हसून म्हणाल्या, "गप्प फोन येतात का हो अजून? कुणाकडं देते ती?"

"येतात अधूनमधून," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. सकाळचं मौन पाळणारी बाई मी, आणि भरदुपारी खोटं बोलले.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. मी पूजा करून कहाणी वाचली, नैवेद्य दाखवला, आणि साडेअकराला मोबाईल उघडला. पाचच मिनिटांत आपांच्या भाचीचा फोन. जेवणाचा डबा द्यायला गेली तर आपा पलंगाखाली पडलेल्या. समोरच्याच दवाखान्यात आणलं होतं. आमच्या दारासमोरून गाडी गेली असणार.

मी रस्ता ओलांडून गेले. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेलेली. डॉक्टर भाचीला सांगत होते की साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. कधी झालं असावं? ती बिचारी म्हणाली, सकाळच्या नमाजाची चटई अंथरलेली होती, गुंडाळलेली नव्हती.

आपा शुद्धीवर होत्या. मला बघितलं. डावा हात वर आणला आणि माझ्या तळहातावर बोट टेकवलं. एक, दोन, तीन.

"आले, आपा. आले हो," मी म्हटलं.

पुन्हा तीन. पुन्हा तीन. मी आलेय की, जवळ बसलेय की, म्हणत राहिले. त्या थांबेनात. डोळे माझ्यावरच. मग मी वाकून विचारलं.

"सकाळी फोन केला होता?"

एक टिचकी.

"आमच्याकडे? हॉटेलात?"

एक.

भाचीनं नंतर दाखवलं, त्यांच्या मोबाईलवर पहिल्या बटणाला हॉटेलच होतं. वाचा गेल्यावर माणसानं कुणाला फोन करावा? आपल्यासारखंच त्या घटकेला न बोलणारं, टिचकी कळणारं माणूस ज्या घरात आहे, तिथंच ना. माझा मोबाईल बंद असतो हे त्यांना ठाऊक. हॉटेलच्या नंबरवर गप्प फोन आला की तो मला वर जोडला जातो, असंही त्यांना वाटत होतं. मीच तसं वाटू दिलं होतं.

पुढचा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनी डोळे मिटले, बोट माझ्या तळहातावर तसंच राहिलं.

शनिवारी पहाटे दवाखान्यातून निरोप आला. मी फुलं तशीच ताम्हनात टाकून निघाले. आपांचा डावा हात हातात घेतला आणि बसले. मौन होतं, आणि ते मोडून म्हणण्यासारखंही काही नव्हतं. मी त्यांच्या तळहातावर तीन टिचक्या मारल्या. पुन्हा मारल्या. पलीकडून काही आलं नाही. तरी मी हात सोडला नाही. नर्सबाई येऊन सांगून गेल्या तेव्हा घड्याळात बघितलं, चाळीस मिनिटं झाली होती.

दुपारी दफन झालं. गल्लीतल्या कारखान्यांनी त्या दिवशी सतारींना तारा लावल्या नाहीत.

कानोशाकडे फोन जसा येतो तसा, गाळणीत जायच्या आधीचा, तीस दिवस जपून ठेवतात. मग तो आपोआप पुसला जातो. मी तन्मयला सव्विसाव्या दिवशी बोलावलं. तोवर हिंमत होत नव्हती. तो आला आणि बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडेच बघत राहिला. शिकवणीचे चाळीस दिवस तो त्या खुर्चीशेजारी बसला होता. रोज चारला आपा त्याच्यासमोर खारीचा डबा सरकवायच्या.

"काकू, यंत्रानं सांगितलेलं तेच केलं," तो म्हणाला. "एक शब्द बोलल्या असत्या तरी त्यानं ओळखलं असतं. नुसतं आई गं म्हटलं असतं तरी. हाच आजार तर तो सगळ्यात आधी ओळखतो."

"माहीत आहे, बाळा. लाव."

नऊ फोन होते. पहिला सहा वाजून बारा मिनिटांनी. पेटीचा आवाज आला, "नमस्कार, हॉटेल औदुंबर. बोला, ऐकतेय मी." आपांचंच वाक्य, शेवटच्या 'मी'वर आपांचाच हेलकावा. मग पंख्याची घरघर, कुठंतरी कोंबडा, आणि नखाचा आवाज. टिक, टिक, टिक. मग फोन तुटला.

दुसरा. "बोला, ऐकतेय मी." टिक, टिक, टिक. तुटला.

नऊ वेळा त्यांनी स्वतःलाच हे म्हणताना ऐकलं असेल. तिसऱ्यानंतर दोन मिनिटं गेली. सहाव्यानंतर सात. आठव्या फोनवर दोनच टिचक्या होत्या. नववा सहा एक्केचाळीसला. पेटी म्हणाली, बोला, ऐकतेय मी. चार सेकंद काही नाही. मग एक टिचकी.

एक म्हणजे हो. की दुसरी मारायला बोट उठलं नाही? पोथीत शोधण्यासारखी ही गोष्ट नाही. देवाला मी रोज विचारते.

सहा एक्केचाळीसला मी काय करत होते ते मला पक्कं आठवतं. कलशाला हळदीकुंकवाची बोटं लावत होते. घरात इतकं शांत होतं की पाकळी पडली असती तर ऐकू आली असती.

तन्मयला म्हटलं, "एकोणिसाव्या प्रश्नाचं उत्तर बदल. गप्प फोन माझ्याकडे दे. देवघरात."

"रोज तीस-चाळीस येतील, काकू. सगळे चोर."

"येऊ देत."

सानिकानं देवघराच्या भिंतीला खिळा ठोकला आणि जुन्या पाटीचा रिसीव्हर नव्या तारेला जोडून तिथं टांगून दिला.

आता पूजेत दहादा तरी फोन वाजतो. गंध उगाळताना वाजतो, माळ ओढताना वाजतो. मी उचलते. बहुतेक वेळा पलीकडे यंत्रच असतं, माझ्या आवाजाची वाट बघत. त्याला माझा आवाज मिळत नाही आणि ते कंटाळून जातं. एकदाच, माघात, सतरा नंबरमधून फोन आला, आणि त्या गप्प बसण्यात काहीतरी होतं. मी तशीच थांबले. काय झालं होतं, कळलं नाही. दहा मिनिटांनी तिकडून हळूच फोन ठेवला गेला. काउंटरवरची पेटी नंतर म्हणाली, हा भाग शिकण्यासाठी वापरता येणार नाही.

आपांचा कान मला नाही. आली का गेली, मला कळत नाही. म्हणून मी कुठलाच फोन ठेवत नाही. रिसीव्हर कानाला लावते आणि नखानं एक टिचकी मारते. हो. मग ऐकत राहते. सहा सेकंद होतात. सात होतात.